अव्वानं घेतलेलं नाव

आमच्या घरात सर्वांत जास्त बोलायची ती अव्वा आणि सर्वांत कमी बोलायचे ते आजोबा. दोघांची सरासरी काढली तर घर बेताचं बोलकं होतं असं म्हणता येईल. अव्वा म्हणजे माझ्या वडिलांची आई. अक्कलकोटच्या पलीकडच्या कानडी मुलखातून ती अगदी लहानपणी लग्न होऊन सोलापुरात आली. तेव्हा तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता. सासरी कुणाला कानडी धड येत नव्हतं. त्यामुळे सून मुकी आहे अशी भवानी पेठेत बोलवा झाली, आणि खुद्द सासूबाईंनाही अधूनमधून तसा संशय यायचा. अव्वा चुलीशी बसून सगळ्यांच्या तोंडाकडं बघत राहायची. कुठला शब्द निघताना ओठ मिटतात, कुठल्या शब्दाला जीभ दातामागं टेकते, कुठला शब्द नरड्यातून येतो, हे तिनं भाकरी थापता थापता पाहून घेतलं. ती पुढं सांगायची, “मी मराठी कानानं शिकलेच नाही गं, डोळ्यानं शिकले.” हे खरं असावं, कारण डोळ्यांना व्याकरण दिसत नाही. मराठीतलं कुठलं नाम कुठल्या लिंगाचं, हे तिला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. दूध उतू ‘गेली’, मान आखडलं, आणि पाऊस तर तिच्या तोंडी कायम स्त्री होता. आम्ही नातवंडं हसायचो. ती म्हणायची, “हसा की! समजलं ना तुम्हाला? मग झालं.”

तर अशा या बाईनं सोलापुरातल्या कितीतरी मुलांना बोलायला शिकवलं. आता माझी नात पुण्यात हेच काम करते. तिच्या दारावर पाटी आहे, खोलीत गालिचा आहे, कपाटात रंगीत खेळणी आहेत, आणि तिच्या धंद्याला ‘स्पीच थेरपी’ असं भारदस्त नाव आहे. ती मला विचारते, “आजी, तुझ्या आजीनं याचं शिक्षण कुठं घेतलं?” मी म्हणते, “चुलीपुढं.” तिला ते पटत नाही आणि मला त्याहून चांगलं उत्तर सुचत नाही.

आमचं घर म्हणजे भाड्याच्या खोल्या, वर माळवद आणि पुढं एक ऐसपैस ओटा. भिंतीला भिंत लावून तेलुगू विणकरांची घरं. त्यांच्या मागांची खटखट पहाटे सुरू व्हायची आणि गिरणीच्या भोंग्याखेरीज कशालाच दाद द्यायची नाही. पाहुणे आले की म्हणत, “या आवाजात तुम्ही राहता कसे?” आम्हाला मात्र सणाच्या दिवशी माग बंद असले की चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. सकाळची पूजा आटपली, भाकऱ्या टोपलीत पडल्या आणि शेंगांची चटणी कुटून झाली, की अव्वा ओट्यावर येऊन बसायची आणि एकेक गिऱ्हाईक हजर व्हायचं. कुणाचं पोर मोठं झालं तरी ‘आई’ म्हणत नव्हतं, कुणी बोबडं, कुणी अडखळतं. अव्वाची औषधं सगळी स्वयंपाकघरातली. ज्याची जीभ वर वळत नसे त्याच्या टाळूला, दातांच्या मागं, ती गुळाचा खडा चिकटवायची आणि म्हणायची, “काढ की जिभेनं. बोट घातलास तर बघ.” ज्याचा श्वास पुरत नसे त्याला फुंकणी देऊन चूल फुंकायला बसवायची. त्यामुळे आमच्या चुलीला जाळ कधी कमी पडला नाही, आणि माझी आई म्हणायची की सासूबाईंना खरा लळा पोरांचा की आयत्या फुंकणाऱ्यांचा, हे देवालाच ठाऊक.

मीही तिची गिऱ्हाईक होते. माझा ‘र’ होत नव्हता. मी ‘भाकली’ मागायची आणि ‘लामलक्षा’ म्हणायची. सगळ्यांना ते गोड वाटायचं, अव्वाला नाही. “आज गोड वाटतं, लग्नात कडू वाटंल,” असं म्हणून तिनं माझ्या टाळूला इतका गूळ लावला की ‘र’ आला तोवर दोन दाढा किडल्या होत्या. शेजारचा नरसय्या तर चांगला मिसरूड फुटलेला विणकर. तो बोलायला लागला की पहिल्याच अक्षरावर अडकायचा. अव्वानं त्याला त्याच्याच मागावर बसवलं आणि म्हणाली, “धोटा टाक नि एक शब्द टाक. धोटा टाक, शब्द टाक.” काही महिन्यांत तो न अडखळता बोलायला लागला. मात्र माग नसला की मांडीवर हातानं ठेका धरायचा. त्यामुळे त्याच्याशी बोलताना आपण भजनाला बसलो आहोत असं वाटायचं.

आजोबांना हे सगळं दिसत होतं. पण त्यांनी त्यावर कधी मत दिलं नाही. ते कशावरच देत नसत. एका गिरणीच्या कचेरीत ते हेडक्लार्क होते. काळी टोपी, छत्री, ताठ मान. घरी आले की “पाणी”, “पाट”, “दिवा” असे एकेक शब्द टाकायचे आणि ते ते समोर यायचं. अव्वाशी ते आमच्यादेखत सरळ बोलत नसत. भिंतीकडं बघून “आज शनिवार आहे” म्हणायचे, आणि अव्वा उपवासाचं करायला घ्यायची. अव्वा मात्र त्यांच्याशी दिवसभर बोलायची, ते घरात नसतानाही.

आणि एके दिवशी सकाळी, ओट्यावर उन्हाला बसले असताना, आजोबा एका कुशीवर कलंडले. उजवा हात आणि पाय लुळा पडला. डॉक्टर आले, वैद्य आले, तेलं आली. पाय हळूहळू ओढत का होईना चालायला लागला. पण वाचा गेली ती गेलीच. अगदी गेली असंही म्हणता येत नव्हतं, कारण एक शब्द राहिला होता. तो शब्द होता ‘गाढवा’. कचेरीत हाताखालच्या कारकुनांना ते म्हणत असावेत. घरी आम्ही कधी ऐकला नव्हता. आता त्यांना तहान लागली तरी “गाढवा”, ऊन लागलं तरी “गाढवा”. सकाळी देवाला हात जोडून, डोळे मिटून, अत्यंत भक्तिभावानं ते “गाढवा” म्हणायचे. शब्द तोंडातून निघाला की तो चुकल्याचं त्यांना कळायचं. ते ओठ घट्ट मिटून घ्यायचे आणि डोळ्यांत पाणी यायचं. आम्ही पोरं आधी हसलो. मग ते पाणी पाहिलं आणि हसायचं बंद केलं. अव्वा मात्र हसत राहिली. ती त्यांना म्हणायची, “जन्मभर शब्द जपून ठेवलेत ना? आता कुठं ठेवलेत तेच आठवंना. राहू द्या, मी हुडकते.”

याच सुमारास कुसुमआत्याचं लग्न जमत आलं होतं. आत्या म्हणजे आजोबांचं शेंडेफळ; ती त्यांना तात्या म्हणायची. मुलाचे वडील पंढरपूरचे, मोठे कर्मठ गृहस्थ. ते आमच्या घरी बोलणी पक्की करायला आले तो प्रसंग मी डोळ्यांनी पाहिला आहे. आजोबांना धुतलेलं धोतर नेसवून, टोपी घालून तक्क्याशी बसवलं होतं. पाहुणे दारात आले तसे आजोबांनी डावा हात छातीशी नेला, मान लववली आणि मोठ्या आदबीनं म्हणाले, “गाढवा!”

पाहुण्यांचा पाय उंबऱ्यातच राहिला. एवढ्यात माजघराच्या दारातून अव्वा म्हणाली, “‘गादीवर या’ म्हणताहेत. जीभ थोडी जड झाली आहे त्यांची. बसा की गादीवर!”

पाहुणे गादीवर बसले. माझ्या वडिलांनी घाम पुसला. लग्न ठरलं. पण उठताना पाहुण्यांनी एक गोष्ट सांगितली. “कन्यादान यथासांग व्हावं एवढीच इच्छा आहे. संकल्प यजमानाच्या मुखातून यायला हवा. आपलं गोत्र, आपलं नाव, मुलीचं नाव. नुसतं गुरुजींनी म्हणून भागायचं नाही.”

ते गेल्यावर भाऊकाका, म्हणजे आजोबांचे बार्शीचे धाकटे भाऊ, वडिलांना म्हणाले, “यात अडचण काय आहे? कन्यादान मी करतो. दादाला चारचौघांत बसवून त्याची शोभा कशाला करायची?” भाऊकाकांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांचं भावावर प्रेम होतं आणि सगळ्यांना ते पटलंही. फक्त आजोबांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. कुसुमआत्या पोळ्या लाटत होती. ती लाटणं हातात घेऊनच बाहेर आली आणि म्हणाली, “तात्यांच्या हातून होणार नसेल तर मला नको लग्न.” एवढं बोलून तिला रडू फुटलं आणि ती परत आत गेली. त्या काळी मुलींनी लग्नाविषयी एवढं बोलणं म्हणजे फार झालं. काका वडिलांकडं बघू लागले, वडील अव्वाकडं.

अव्वा म्हणाली, “लग्नाला वेळ आहे की अजून. मी काय मेले आहे का?”

दुसऱ्या दिवसापासून आजोबा अव्वाच्या ओट्यावर दाखल झाले. एका बाजूला बोबडी पोरं, एका बाजूला माजी हेडक्लार्क. आजोबांना हे मुळीच आवडलं नाही आणि ते त्यांनी आपल्या एकुलत्या एका शब्दात वारंवार सांगितलं. अव्वानं गूळ लावला, आजोबांनी तो गिळून टाकला. अव्वानं फुंकणी दिली, त्यांनी ती फेकली. आणि एके दिवशी मी ओट्यावर पाढे घोकत बसले होते. “बे एके बे” म्हणून मी थांबले, तर मागून जाड, खरखरीत आवाज आला, “बे दुणे चार.” मी वळून बघितलं. आजोबा! “बे त्रिक सहा, बे चोक आठ,” असं करत ते थेट वीसपर्यंत जाऊन पोचले आणि स्वतःच दचकले. अव्वा आतून भाकरीच्या पिठाचे हात तसेच घेऊन धावत आली. शब्द सुटे येत नव्हते, पण माळेत ओवलेले येत होते, हे तिनं त्या क्षणी ओळखलं. पाढे येत होते, आरती येत होती, रामरक्षेचा पहिला श्लोक येत होता. माळ तुटली की सगळं सांडायचं. त्यानंतर काही दिवस आमच्याकडं जेवणाची मोठी गंमत होती. आजोबांना चार पोळ्या हव्या असल्या तर ते “बे एके बे”पासून सुरुवात करून “चार”वर थांबायचे. एकदा थांबायचं राहून गेलं आणि आईनं खरोखरच आठ वाढल्या.

आता प्रश्न नावाचा होता. आजोबांचं नाव त्र्यंबक. धडधाकट माणसाची जीभसुद्धा या नावात दोनदा ठेचकाळते. आणि खरी अडचण पुढंच होती. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, ही अव्वाची पक्की समजूत. माझी आई सून, तीही सासऱ्यांचं नाव घेणार नाही. वडील मुलगा, त्यांना वडिलांचं नाव एकेरी कसं उच्चारावं हा संकोच. राहिले मी. अव्वा आजोबांसमोर बसायची, आवाज न काढता नुसते ओठ हलवून ‘त्र्यं-ब-क’ दाखवायची, आणि मागून मी ओरडायची, “त्र्यंबक!” आजोबांना नावानं हाक मारण्याची अशी राजरोस सोय दुसऱ्या कुठल्या नातीला मिळाली असेल असं वाटत नाही. मी ती पुरेपूर भोगली. आजोबा डोळे वटारून म्हणायचे, “गाढवा!” आणि त्या वेळी तो शब्द अगदी बरोबर असायचा.

पुष्कळ दिवसांनी त्यातला शेवट आला, “बक.” दिवसभर ते “बक, बक” म्हणत बसले. अव्वा म्हणाली, “बकतेच आहे की मी लग्न झाल्यापासून. आता तुम्ही बका.” आणि त्यांच्या आजारानंतर पहिल्यांदा आजोबा हसले. डाव्या बाजूनंच, पण हसले.

मग तिला उखाण्याची युक्ती सुचली. उखाण्यात नाव घेतलेलं चालतं, त्याला दोष नाही. तिच्या लग्नात सासूनं तिच्याकडून एक उखाणा पाठ करून घेतला होता. तेव्हा तिला त्याचा अर्थही कळत नव्हता, पण तो तिनं पुढं प्रत्येक हळदीकुंकवात म्हटला होता आणि आजोबांनी तो पडद्याआडून जन्मभर ऐकला होता. ती म्हणायची, “सिद्धेश्वराच्या तळ्यात चांदणं लकलक, कपाळीच्या कुंकवाचे धनी माझे...” आणि थांबायची. आजोबा तिच्या तोंडाकडं बघत राहायचे. ती पुन्हा म्हणायची. पुन्हा थांबायची. भाजी निवडताना, पाय चेपताना, लाह्या फोडताना. आणि एका दुपारी माळ पुरी झाली. ती थांबली आणि आजोबा म्हणाले, “त्र्यंबक.” नवऱ्यानं बायकोच्या उखाण्यात स्वतःचंच नाव घेतलेलं मी तेवढं एकदाच ऐकलं. आई स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसत होती आणि हसता हसता डोळे पुसत होती.

भाऊकाकांना हे कळवलं तरी ते तयारीनंच आले. त्यांनी सोवळं आणलं होतं. “ऐनवेळी लागलं तर,” असं म्हणाले. शहाणा माणूस तसंच करणार.

लग्न आमच्याच गल्लीत, मांडव घालून झालं. नरसय्यानं आपले माग बंद ठेवले होते आणि ताशेवाल्यांवर तो मांडीवर ठेका धरून देखरेख करत होता. कन्यादानाला आजोबा पाटावर बसले. शेजारी अव्वा झारी घेऊन, पाण्याची धार धरायला. समोर आत्या, खाली मान घालून. गुरुजींनी मंत्र हळूहळू सांगायला घेतले. आजोबा एकेक तुकडा मागून म्हणत होते, तुटक, जाड, पण म्हणत होते. गोत्र म्हटलं. वडिलांचं नाव म्हटलं. आणि स्वतःच्या नावापाशी आले तेव्हा थांबले.

गुरुजींनी पुन्हा सांगितलं. आजोबांचे ओठ हलले, आवाज आला नाही. मांडवात कुजबुज सुरू झाली. अव्वानं झारीवरची नजर न काढता हलक्या आवाजात सुरू केलं, “सिद्धेश्वराच्या तळ्यात चांदणं लकलक...” पुढच्या रांगेतल्या बायकांनी माना उंचावल्या. कन्यादानात उखाणा कुणी ऐकला नव्हता. “कपाळीच्या कुंकवाचे धनी माझे...” अव्वा थांबली.

आजोबांनी गुरुजींकडं बघितलं, तोंड उघडलं आणि म्हणाले, “गाढवा.”

मागं कुणीतरी फिसकन हसलं. मग आणखी कुणी. आजोबांनी ओठ मिटले. त्यांचा चेहरा काळवंडला आणि मुलीच्या हाताखालचा हात ते काढून घेऊ लागले. भाऊकाका जागेवरून उठले. मुलाच्या वडिलांनी नजर खाली घातली. आत्याचे खांदे हलत होते. मला वाटलं, आता संपलं.

अव्वानं झारी खाली ठेवली. एवढ्या माणसांत, आत्याच्या सासरच्या पाहुण्यांसमोर, तिनं आजोबांची हनुवटी धरली आणि त्यांचं तोंड आपल्याकडं वळवलं, ओट्यावरच्या कुठल्याही पोराचं वळवायची तसं. तिनं डोळे मिटले, उघडले, आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली, “त्र्यंबक.”

बायकांत कुणीतरी “अगंबाई!” म्हणून तोंडावर हात ठेवला. अव्वानं तिकडं बघितलंच नाही. “त्र्यंबक,” ती पुन्हा म्हणाली, “म्हणा की हो.”

आजोबा तिच्या ओठांकडं बघत होते. “त्र्यं... बक,” ते म्हणाले. मग सलग, “त्र्यंबक.” आणि गुरुजींनी पुढचं सांगायच्या आतच, संस्कृत सगळं बाजूला सारून, मुलीचा हात घट्ट धरून ते म्हणाले, “माझी कुसुम.”

गुरुजी क्षणभर घुटमळले. त्यांनी मुलाच्या वडिलांकडं बघितलं. त्या कर्मठ गृहस्थांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि म्हणाले, “पोचलं, पोचलं. पाणी सोडा.” अव्वानं झारी उचलली. भाऊकाका खाली बसले आणि लहान मुलासारखे हुंदके देऊ लागले. त्यांना गप्प करायला त्यांच्याच बायकोला यावं लागलं.

नंतर बायकांनी अव्वाला धारेवर धरलं. “नाव घेतलंस की गं! आता?” अव्वा वरवर म्हणाली, “देवाला मराठी कमीच कळतं, सांभाळून घेईल.” पण त्यानंतर पुष्कळ सोमवार ती सिद्धेश्वराला अनवाणी जात होती, हे मला ठाऊक आहे, कारण मला बरोबर न्यायची आणि उन्हानं माझेही पाय भाजायचे. आजोबा पुढं खूप जगले. त्यांचं बोलणं कधी पुरतं आलं नाही, पण कामापुरतं आलं, आणि पूर्वीपेक्षा जास्तच होतं असं आई म्हणायची. अव्वाच त्यांच्या आधी गेली, भरल्या कपाळानं, जशी तिची इच्छा होती तशी. आता माझं वय तिच्या तेव्हाच्या वयापेक्षा किती तरी जास्त झालं आहे. मला अधूनमधून शब्द सापडत नाहीत. नात म्हणते, वयानं होतं. मी म्हणते, होऊ दे.

पण मला अव्वाची आठवण येते ती मांडवातली नाही, त्याच दिवशी संध्याकाळची. वरात गेली होती. आत्या गेली होती. मांडवात केळीचे खुंट वाकले होते आणि द्रोण-पत्रावळी गोळा करणं चाललं होतं. आजोबा ओट्यावर एकटे बसले होते. अव्वा सकाळपासून उभी होती. ती त्यांना शाल द्यायला बाहेर आली. शाल घालून वळली तशी आजोबांनी डाव्या हातानं तिच्या लुगड्याचं टोक धरलं. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. ओठ जुळवायचे, सोडायचे. अव्वानं घाई केली नाही. पोरांना सांगायची तशी नुसती मान हलवत राहिली, येऊ द्या, येऊ द्या.

“तू,” आजोबा म्हणाले. मग बऱ्याच वेळानं, “जेवलीस?”

इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी तिला हे कधी विचारलं नव्हतं. भवानी पेठेतल्या पोरांना बोलतं करणारी माझी अव्वा तशीच आत गेली. उरलेला मसालेभात आणि एक मोडकी जिलबी पानात घेऊन बाहेर आली, आणि त्यांच्यासमोर ओट्यावर बसून जेवली. भात गार झाला होता. आजोबा तिचा एकेक घास बघत होते.